न उडणारा फ्यूज

धामणकर नाक्यावरच्या त्या दुकानात मी शिरलो आणि काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणालो, "कधीच उडणार नाही असा फ्यूज द्या."

हे मी पूर्ण शुद्धीत म्हणालो. पंचवीस वर्षं लूमच्या कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले माग चालू करून देणारा माणूस, आणि तरीही म्हणालो. दुकानदार गाड्यांना स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवून देणारा, उत्तरेकडचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, कानामागे टेस्टर खोचलेला. एखाद्याने मेडिकलमध्ये जाऊन न संपणारी गोळी मागावी, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

"चाचा," तो म्हणाला, "जो कभी नहीं उड़ता उसको खीला बोलते हैं. हार्डवेअर में मिलेगा, तीन दुकान छोड़ के."

शेजारचं गिऱ्हाईक खो खो हसलं. मीही हसलो. पण माझं हसू गळ्याच्या खाली उतरलं नाही, कारण चार दिवसांवर माझ्या साडूच्या मुलीची हळद आली होती आणि त्या दिवशी फ्यूज टिकला नाही, तर माझी बायको आयुष्यात पुन्हा गाणार नव्हती.

हे जरा सविस्तर सांगायला हवं.

माझी बायको धवलारीण, म्हणजे लग्नातली गाणी, धवले, म्हणणारी. आमच्याकडे लग्नात भटजी असतो, पण धवले म्हणणाऱ्या बाईशिवाय लग्न लागलं असं आमच्या बायका मानत नाहीत. हळद दळण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक कामाचा वेगळा धवला. कुठेही लिहिलेला नाही, सगळा डोक्यात. बायकोने तो तिच्या आत्याकडून उचलला, आणि आजूबाजूच्या पाच-सहा गावांत तिच्या आवाजाला तोड नव्हती. मी नवरा आहे म्हणून सांगत नाही. नवरा म्हणून मी तिच्या आवाजाची दुसरीही बाजू ऐकलेली आहे.

गेल्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आम्ही गावदेवीला नारळ फोडला. पण गाठीबरोबर आवाजही गेला. डॉक्टर म्हणाले, बोलण्यापुरता येईल, गाण्याचं सांगता येत नाही. बोलण्यापुरता आला तो असा, की स्वयंपाकघरातून ती काही बोलली की वाटायचं, कुणीतरी पत्र्याच्या पेटीत बसून बोलतंय. लग्नाचं बोलावणं घेऊन बायका दारात आल्या की ती मला पुढे करायची. मी सांगायचो, "ती माहेरी गेलीय." आत गॅसवर चहा उकळत असायचा. बायका चहाचा वास घ्यायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि निघून जायच्या.

मग त्याही येईनाशा झाल्या. लग्नांत मोबाइलवर धवले लागायला लागले. आणि आमच्या घरात सगळं शांत. पूर्वी भाकरी थापतानासुद्धा तिचं गुणगुणणं चालायचं, ते बंद झालं. पंचवीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला शांततेची भीती वाटते. कारखान्यात एक माग जरी गप्प झाला तरी आम्ही उठून बसायचो. घरात अकरा महिने माग बंद होता आणि मला त्याचा नट सापडत नव्हता.

अशात दिघाशीहून तिची थोरली बहीण आली. मुलीचं लग्न ठरलं होतं.

"तुझ्या भाचीला तरी म्हणशील ना गं? का तिलाही मोबाइल लावू?"

बायकोने गळ्यावरच्या व्रणावरून बोट फिरवलं. "ताई, आवाज कुठाय?"

"आवाज मी देतो!" मी म्हणालो.

दोघी बहिणींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला अशी वाक्यं टाकायची सवय आहे. डोकं जागं व्हायच्या आत तोंड कामावर गेलेलं असतं.

"भावजी, तुम्ही गाणार?" मेव्हणी घाबरून म्हणाली.

मी समजावलं. साडूने मागे आपल्या गाडीत एक भला मोठा अ‍ॅम्प्लिफायर बसवला होता आणि शेजाऱ्यांनी घर डोक्यावर घेतल्यावर काढून माळ्यावर टाकला होता. तो माझ्या व्हॅनमध्ये बसवायचा, मागे दोन स्पीकर, हातात माइक. हळदीच्या दिवशी दुपारी सगळ्या बायका घरापासून गावदेवीपर्यंत चालत जातात, तिथे मांडवातली वीजही नसते आणि डीजेही नसतो. व्हॅन बायकांबरोबर हळूहळू चालेल, ही बसून नुसतं पुटपुटली तरी गावभर ऐकू जाईल.

बायकोने माझ्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. मग त्या पेटीतल्या आवाजात म्हणाली, "एकदाच. मधेच बंद पडलं, चार बायकांत हसं झालं, तर पुन्हा मला कुणी म्हण म्हणायचं न्हाय. तुम्ही पण न्हाय."

मी हो म्हणालो. कुठल्या गोष्टीला हो म्हटलं ते मला नंतर कळलं.

रविवारी मी व्हॅन अंगणात लावली आणि जॉबरच्या रुबाबात कामाला लागलो. काम तसं सोपं. बॅटरीच्या प्लसवरून एक जाड तार काढायची, सीटखालून मागे न्यायची, अ‍ॅम्प्लिफायरला जोडायची. मायनससाठी गाडीची लोखंडी बॉडीच असते. साडूच्या सामानात एक पारदर्शक नळी होती, आत साठ अँपिअरचा फ्यूज. ती बॅटरीजवळ लावली. साडूची तार मात्र माझ्या व्हॅनला अपुरी पडली, म्हणून मी बाजारातून दुसरी आणली. बोटाएवढी जाड, लाल चकचकीत, हातात घेतली की माणसाला उगाचच धीर यावा अशी.

मागे उभा राहून मी माइकमध्ये "हॅलो, हॅलो" केलं. असा दणदणीत आवाज आला की समोरच्या भिंतीवरची मांजर उडाली. मी बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, पुढे ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसली, माइक तोंडाजवळ धरला. गावदेवीला लग्नाचं आवतन देणाऱ्या धवल्याचा पहिला शब्द तिने उच्चारला.

फट्. सगळं बंद.

"फ्यूज," मी म्हणालो. "नवीन वायरिंगला एखादा जातोच."

फ्यूज बदलला. ती खाली उतरून उभी होती. मी पुन्हा "हॅलो, हॅलो". चालू. मी अर्धं भजनही म्हटलं, शेजारीण खिडकी लावून घेईपर्यंत. मग ती बसली, तिने तोंड उघडलं.

फट्.

तिसऱ्यांदा तेच झाल्यावर तिने माइक माझ्या हातात दिला. रागावून दिला असता तर बरं होतं. सांभाळून, दोन्ही हातांनी दिला, देवळात प्रसादाचं ताट परत द्यावं तसा.

"त्याला माझा आवाज नको हाय," ती म्हणाली. "तुमचा चालतो. माझा न्हाय."

"अगं, यंत्राला काय कळतंय कोणाचा आवाज?"

"मग तुम्हीच सांगा, काय होतंय?"

मी फ्यूजची नळी पुन्हा उघडून पाहिली. मी म्हटलं तर चालतं, ती म्हटली की जातं. तीनदा. मी यंत्रांतला माणूस, पण त्या दुपारी खरं सांगतो, माझ्याही मनात पाल चुकचुकली. ती घरात गेली आणि मी धामणकर नाक्याची शेअर रिक्षा धरली. तिथे जाऊन काय मागितलं ते वर सांगितलंच आहे.

दुकानदाराने हसणं संपल्यावर सरळ विचारलं, "अ‍ॅम्प पे खुद का फ्यूज कितने का है?"

"तीस-तीसचे दोन."

"तो साठ हुआ. और आप क्या माँग रहे हो?"

"शंभर द्या."

"क्यों?"

"साठ उडतो."

"क्यों उड़ता है?"

"ते कळलं असतं तर तुमच्याकडे आलो असतो का?"

त्याने कपाळावर हात मारला. "चाचा, फ्यूज मशीन के लिए नहीं होता. तार के लिए होता है. तार जितना झेले, उतना फ्यूज. आप गाड़ी लाओ, तार दिखाओ. सौ का मैं ऐसे नहीं देता. ये नहीं उड़ेगा तो फिर क्या जलेगा, वो सोचा है?"

गाडी आणली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मी पंचवीस वर्षांचा जॉबर. टेप बसवणाऱ्याने मला तार शिकवायची? "बघतो," म्हणालो आणि पायऱ्या उतरलो.

आता आमच्या लूमवाल्यांची एक सवय सांगतो. कारखान्यात चिनी मातीचे फ्यूज असायचे, त्यात बारीक तार बसवायची. फ्यूज गेला म्हणजे लूम थांबला, आणि लूम थांबला की शेठ केबिनमधून बाहेर. कशामुळे गेला ते बघायला वेळ कुणाला? तार डबल करायची. पुन्हा गेला तर तिहेरी. आणि फ्यूज, स्विच, जे काय असेल ते मशीनच्या बाजूलाच ठेवायचं, जॉबरचा हात उभ्या उभ्या पोचला पाहिजे. चांगला जॉबर कोण? ज्याच्या पाळीत लूम थांबत नाही तो. मी फार चांगला जॉबर होतो.

आमचा कारखाना बंद झाला, तिथे आता गोदाम आहे, पण पॅनलवरचं काही सामान मी आठवण म्हणून घरी आणलं होतं. त्यातला त्रेसष्टचा एमसीबी काढला. खटका खाली पडला की वर करायचा, फ्यूज बदलायची भानगडच नाही. बॅटरीजवळची साडूची नळी मी काढून टाकली, तिथे तार सरळ जोडली आणि एमसीबी ठोकला पार मागे, अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारी. माझा हात पोचेल असा. पडलाच तर बायकांना कळायच्या आत वर करीन, हा हिशेब. पडूच नये म्हणून मध्ये बोट घालून बसायचीही तयारी होती.

हळदीला दोन दिवस उरले होते. दुपारी मी तिला म्हणालो, "चल, एकदा बघू. गोदामांच्या मागच्या रस्त्याला कुणी नसतं."

"मला नको."

"एकदा."

"तुमचं एकदा संपत न्हाय."

पण आली, वाटेत मागेच बसून. तिथे पोचल्यावर पुढच्या सीटवर बसली. मी मागचा दरवाजा वर करून एमसीबीजवळ उभा राहिलो, पहारेकऱ्यासारखा. दोन्ही बाजूंना वाळलेलं भाताचं रान, लांब हायवेवर पडघ्याकडे जाणारे ट्रक. तिने सुरुवात केली.

खटका पडला नाही.

पहिली ओळ पूर्ण झाली. अकरा महिन्यांनी. आवाज पूर्वीचा नव्हता, खाली उतरलेला, खरखरीत, पण स्पीकरमधून तो त्या रानात असा पसरला की लांबचे ट्रक ऐकू येईनासे झाले. दुसरी ओळ सुरू झाली. आणि मध्येच ती थांबली.

"थांबू नकोस!" मी मागून ओरडलो. "खटका वरच हाय! म्हण, म्हण!"

ती काही म्हणेना.

"अगं, म्हण ना! चालू हाय!"

वास मलाही आला होता. मी तो वास ओळखतो, पंचवीस वर्षं ओळखतो. पण खटका वर होता ना. खटका वर आहे म्हणजे सगळं ठीक, असं माझं डोकं मला सांगत होतं आणि मी बायकोला गायला सांगत होतो.

मग स्पीकरमधून तिचा श्वास आला. आणि मोठ्या, अवाढव्य आवाजात, साऱ्या रानाला ऐकू जाईल असं कुजबुजणं:

"अवो... जळतंय."

ओरडायला तिच्याकडे आवाजच नव्हता. माइक नसता तर मला कळलंही नसतं.

मी धावत पुढे गेलो तेव्हा ती दार उघडून बाहेर पडत होती आणि सीटखालून काळा धूर येत होता. बॅटरीचा नट काढायला पाना हवा होता, पाना मागे होता. तो आणेपर्यंत सीटचा फोम पेटला. तार नुसत्या हाताने ओढली, तळव्याला चटका बसला, तुटली एकदाची. मग मी रस्त्यावरची माती ओंजळीने सीटवर टाकत बसलो. एमसीबी मागे आपल्या जागी वर होता. त्याला यातलं काही माहीतच नव्हतं.

तिच्या साडीचा काठ जळला होता आणि पोटरीवर रुपयाएवढा फोड. तो तिने मला बघू दिला नाही. गोदामाच्या फाटकापर्यंत चालत गेली, रिक्षा थांबवली, एकटीच निघून गेली. मी घरी पोचलो तेव्हा ती जळलेला काठ कापून साडीला नवीन टीप घालत होती. एक शब्द बोलली नाही. जेवायला वाढलं, माझ्या तळव्याला हळद लावली, बोलली नाही. आधीची शांतता काहीच नव्हती म्हणायची. आधी तिला बोलता येत नव्हतं. आता तिला बोलायचं नव्हतं.

मी त्या दिवशी ओसरीवर बसून ठरवलं, सकाळी मेव्हणीला फोन करायचा, मोबाइल लावा म्हणायचं. नंबरही काढला. पण फोनवर काय सांगणार होतो? तुमच्या बहिणीला मी सीटवर बसवून खालून जाळ लावला, आणि गा म्हणालो?

सकाळी फोन केला नाही. जळकी तार पिशवीत घातली आणि व्हॅन ढकलत, मग दुसऱ्याच्या गाडीला बांधून, नाक्यावर नेली.

दुकानदाराने यावेळी विनोद केला नाही. तार हातात घेतली, पक्कडीने एक टोक सोललं. "देखो," म्हणाला. बोटाएवढ्या जाड तारेत सगळं प्लॅस्टिकच. मध्ये काडीएवढं धातूचं, तेही तांबं नाही, वरून रंग दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. मग तो बोटाने चाचपत जळलेल्या जागेपर्यंत आला आणि थांबला. तारेवर दोन खाचा होत्या, समोरासमोर, चावल्यासारख्या.

"ये किसने काटा? चूहा?"

त्याने जळक्या सीटखाली डोकं घातलं, सीट पुढे-मागे केली. वर बसून पाहिलं. खाली उतरला.

"इस सीट पे कौन बैठता है?"

"घरवाली."

"आप नहीं बैठे?"

"मी मागे असायचो. खटक्यापाशी."

तो पाटावर बसला आणि मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. सीट ज्या लोखंडी पट्टीवर सरकते, त्या पट्टीखालून मी तार नेली होती. सीटवर बसून कुणी गायला जरा पुढे झुकलं की पट्टी दबायची, तारेच्या आवरणात रुतायची, प्लसची तार बॉडीला टेकायची. बॅटरीजवळ फ्यूज होता तोवर टेकल्याबरोबर उडत होता. मी तो काढून मागे खटका ठोकला, आणि मधली सगळी तार बिनरखवालीची झाली. खटक्याच्या अलीकडे काय जळतंय ते खटक्याला कसं कळणार?

"वो पुराना फ्यूज तो तीन बार रो-रो के बोला आपको, चाचा. आपने उसको ही निकाल दिया."

बायको त्या जागेवर बसली होती. फ्यूज तिला वाचवत होता आणि मी फ्यूजला शिव्या देत होतो. मी तिथल्या स्टुलावर बसलो. त्याने पाणी दिलं.

"म्हणजे तिच्या आवाजामुळे नव्हतं?" मी विचारलं.

"किसके आवाज से?"

मी सगळं सांगितलं. गाठ, ऑपरेशन, धवले, उद्याची हळद. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "एक औरत के गाने से साठ का फ्यूज? पूरा डीजे बजाओ तब भी मुश्किल है. दो घंटा दो मुझे."

त्याने खऱ्या तांब्याची तार आणली. माझ्या लाल तारेहून बारीक दिसणारी, पण जड. ती दाराच्या कडेने, सीटपासून लांब, लवचीक नळीत घालून मागे नेली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूजची नळी बसवली. आत फ्यूज घातला. मी वाकून आकडा वाचला.

साठ.

"हाच तर होता पहिला!"

"हाँ. वो सही था. बाकी सब गलत था." बाकी सबमध्ये मीही येतो हे त्याने सांगितलं नाही, पण माझ्याकडे बघितलं.

मी चाचरत विचारलं, "ते बटणवालं मिळतं ना, गाडीसाठीचं? सर्किट ब्रेकर. पडला की दाबायचा."

"मिलता है. अच्छी चीज़ है." काउंटरखालून त्याने काढून दाखवलाही, काळा, बंद डबीसारखा, आणि मी हात पुढे करायच्या आत परत ठेवला. "लेकिन आपको नहीं दूँगा. आप उसका बटन पकड़ के बैठोगे."

हे त्याने कसं ओळखलं, मी विचारलं नाही.

घरी गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी उंबऱ्यातूनच म्हणालो, "तुझा आवाज नव्हता. सीट होती. तू बसलीस की सीट खाली दबायची, तार चेपायची. म्हणून उडायचा."

सुपातला हात थांबला. एका दिवसानंतर ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली.

"म्हणजे माझं वजन?"

"नाही नाही, कुणीही बसलं तरी..."

"कोण बसलं हुतं दुसरं?"

तिने पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. पण तिच्या तोंडाचा कोपरा हलला होता, मी पाहिलं. त्या एवढ्याशा कोपऱ्यावर मी रात्र काढली. उद्या येणार का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

सकाळी ती तयार होऊन बाहेर आली. टीप घातलेलीच साडी. व्हॅनजवळ आली, जळकं भोक असलेल्या पुढच्या सीटकडे बघितलं आणि म्हणाली, "तिथं तुम्ही बसा."

दिघाशीला साडूने स्टिअरिंग धरलं आणि मी त्या सीटवर बसलो. मेव्हणी आणि गावच्या बायका मागे, डोक्यावर कळश्या, हळदीच्या ताटल्या, आणि त्यांच्यात माइक घेऊन माझी बायको, चालत.

"साडू, घाम का फुटलाय तुम्हाला?" साडू म्हणाला.

"गरम होतंय."

"खालून का वरून?" त्याला मेव्हणीने सगळं सांगितलं होतं.

ती गायला लागली. फ्यूज उडाला नाही. जाताना अख्ख्या वाटेवर उडाला नाही. घरातून बायका बाहेर आल्या, म्हाताऱ्या ओट्यांवर उभ्या राहिल्या. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "तिचाच हाय गं आवाज!" गावदेवीच्या पायरीपर्यंत तिने एकही ओळ सोडली नाही. मी मान मागे वळवून वळवून पाहत होतो, मान दुखायला लागली तरी.

परतीच्या वाटेवर, निम्म्यात, आवाज थांबला.

मी दार उघडून उडीच टाकली. बॅटरीजवळची नळी पाहिली. फ्यूज शाबूत. मागे धावलो. अ‍ॅम्प्लिफायरचा दिवा चालू. स्पीकरमधून बारीक सळसळ येत होती. सगळं चालू होतं. तिने माइक तोंडाशी धरलेला, ओठ हलत होते आणि त्यातून काही येत नव्हतं. घसा बसला होता.

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, फ्यूज उडाला असता तर किती बरं झालं असतं. त्याचा इलाज माझ्या खिशात होता, एकाला दोन. याचा नव्हता. चाळीस बायका थांबलेल्या, तिच्याकडे बघत. हसत कुणी नव्हतं, पण हे हसण्याहून वाईट. मी पुढे झालो आणि मला सुचलं ते म्हणालो, "जरा जोर लाव, येईल."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माइक खाली केला. घोटभर पाणी प्याली. मग थोरल्या बहिणीच्या कानाशी तोंड नेलं, काहीतरी सांगितलं आणि माइक तिच्या तोंडाशी धरला. मेव्हणीचा आवाज म्हणजे फाटका पत्रा. पण ओळ बरोबर आली. पुढची ओळ शेजारच्या सुनेच्या कानात, माइक तिच्यापुढे. मग पलीकडच्या म्हातारीपुढे. असं करत करत ती त्या बायकांतून फिरत राहिली, एकेकीच्या कानात ओळ टाकत, एकेकीपुढे माइक धरत, आणि धवला काही बेसूर, काही हसत, काही रडत, मांडवाच्या दारापर्यंत पोचला. नवरी दारात उभी राहून रडत होती. मावशीला मिठी मारली तेव्हा माइक दोघींच्या मध्ये अडकला आणि सगळ्या गावाला हुंदके ऐकू गेले.

घरी येताना ती मागच्या सीटवर बसली. मी गाडी चालवत होतो. जिंकलो का हरलो, मला कळेना. तिची अट होती, मधेच बंद पडलं तर पुन्हा नाही. आणि मधेच बंद पडलंच होतं. मी आरशातून बघायचो, ती खिडकीबाहेर बघायची. शेवटी न राहवून मी म्हणालो, "मी उगाच म्हणालो, जोर लाव. चुकलं माझं."

दिघाशीचा फाटा मागे पडला. मग मागून तो खरखरीत, अर्धा उरलेला आवाज आला.

"घसा दुखला, मी थांबले. माझ्या जागी तुम्ही असतात तर तार डबल केली असतीत."

आणि थोड्या वेळाने, "त्या पुढच्या सीटचं भोक बुजवून घ्या. पडघ्याच्या एका बाईनं बोलावलंय. मला पुढं बसायचं हाय."